सिक्स मारला तर आऊट! इंग्लंडच्या गावातली शनिवारची मॅच अडचणीत का येते?

वाड्यात, चाळीत किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला हे नियम तोंडपाठ असतात. कंपाउंडबाहेर डायरेक्ट गेला तर आऊट. काच फुटली तर मॅच संपली. ज्यानं मारला त्यानंच बॉल आणायचा आणि तळमजल्यावरच्या काकूंची बोलणीही त्यानंच खायची.

जुलै २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका क्लबनं जवळपास हाच नियम अधिकृतपणे लागू केला आणि त्याची बातमी जगभर झाली. हा क्लब म्हणजे ब्रायटनजवळच्या साउथविकमधला 'साउथविक अँड शोरहॅम क्रिकेट क्लब'. स्थापना १७९० ची. म्हणजे पुण्यात सवाई माधवराव पेशवे गादीवर होते तेव्हापासून तिथं क्रिकेट चालू आहे. नियम असा, की बॅट्समननं पहिला सिक्स मारला तर रन मिळणार नाहीत, ती ताकीद समजायची. त्यानंतर पुन्हा मारला तर आऊट.

कारण आपल्या ओळखीचंच. मैदान लहान, चारी बाजूंनी घरं. कुणाची खिडकी फुटली, कुणाच्या गाडीला पोचा आला, कुणाच्या छपराचं नुकसान झालं. शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या आणि नुकसानभरपाई, विमा यांचा खर्च छोट्या क्लबला झेपेना.

बातमी वाचून सोशल मीडियावर लोक हसले. पण त्या हसण्याच्या मागे एक जुना पेच आहे. मैदान आधी होतं आणि घर नंतर आलं, तर हक्क कुणाचा? हा प्रश्न इंग्लंडमध्ये थेट वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला आहे आणि न्यायाधीशांचंही त्यावर एकमत झालेलं नाही. ते समजून घ्यायचं तर आधी ही गावातली वीकेंडची मॅच म्हणजे काय प्रकरण असतं, ते पाहायला हवं.

आपलं गावचं क्रिकेट आणि त्यांचं

आपल्याकडे गावचं क्रिकेट म्हटलं की डोळ्यांसमोर टुर्नामेंट येते. टेनिस बॉल, मोजक्या ओव्हर्स, मांडव, माईकवरची कॉमेंटरी, रोख बक्षीस आणि गावातल्या पुढाऱ्याच्या नावाचा चषक. दोन-तीन दिवसांत धुरळा उडतो आणि मैदान पुन्हा शेतकऱ्याच्या किंवा गुरांच्या ताब्यात जातं.

इंग्लंडच्या गावात असं नसतं. तिथं गावाचा क्लब असतो, त्याची घटना असते, खजिनदार असतो, वर्गणी असते. एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत जवळपास प्रत्येक शनिवार-रविवारी मॅच ठरलेली असते आणि वेळापत्रक काही महिने आधीच छापून झालेलं असतं. शनिवारी लीगची मॅच, तिथं पॉइंट्स मिळतात, वरच्या गटात बढती होते, खालच्या गटात घसरण होते. रविवारी बहुतेक वेळा मैत्रीचा सामना. चेंडू मात्र खरा, चामड्याचा, १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा. आपल्या सोसायटीतल्या भांडणापेक्षा तिकडचं भांडण कोर्टात का जातं, याचं अर्धं उत्तर या वजनात आहे.

मैदान बऱ्याचदा 'व्हिलेज ग्रीन'वर असतं. गावाच्या मधोमध राखलेली मोकळी हिरवळ, एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला पब. आपल्या गायरानासारखी गावकीची जागा म्हणा. क्रिकेटचं मूळच मुळी तिथलं आहे. अठराव्या शतकात हॅम्पशायरमधल्या हॅम्बल्डन गावच्या संघानं मोठमोठ्या संघांना लोळवलं. १७७७ मध्ये तर त्यांनी 'इंग्लंड' म्हणून उतरलेल्या संघाला एक डाव आणि १६८ रननी हरवलं होतं. त्या संघाची बैठक मैदानासमोरच्या 'बॅट अँड बॉल' नावाच्या पबमध्ये चालायची. तो पब आजही आहे.

शनिवार कसा उभा राहतो?

टीव्हीवर मॅच बघताना आपल्याला खेळ दिसतो. गावच्या क्लबात खेळ ही सगळ्यात शेवटची गोष्ट असते.

आठवड्याच्या मध्यावर कुणीतरी मैदानाच्या मधल्या चौकोनावर, म्हणजे 'स्क्वेअर'वर काम सुरू करतो. या चौकोनात शेजारी शेजारी अनेक पिचेस असतात आणि दर आठवड्याला एक वापरायचं. गवत कापायचं, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, पावसाची चिन्हं दिसली की झाकायचं. मोठ्या क्लबांत यासाठी पगारी माणूस असतो. गावात मात्र हे काम बऱ्याचदा एखादा निवृत्त सभासद फुकट करतो. तो आजारी पडला तर शनिवारच्या मॅचचा प्रश्न उभा राहतो.

गुरुवारी रात्री कॅप्टनचे फोन सुरू होतात. अकरा जण जमवायचे असतात. कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाची पाठ धरलेली, कुणाला मुलाला पोहायला न्यायचंय. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दोघं गळतात. मग वरच्या संघानं खालच्या संघाचे दोन खेचायचे, खालच्यानं त्याच्या खालच्याचे, आणि शेवटच्या संघात चौदा वर्षांचा मुलगा आणि साठीचे गृहस्थ एकत्र फील्डिंग करताना दिसतात. इतकं करूनही नऊच जण जमले, तर नऊ जणांनी खेळायचं. सात जमले, तर सामना सोडून द्यायचा आणि पॉइंट्स गमवायचे.

या वयाच्या सरमिसळीमुळे नियमही वेगळे लागतात. अठराच्या आतल्या मुलांना बॅटिंग करताना हेल्मेट सक्तीचं. लहान वयाच्या फास्ट बोलरनं सलग किती ओव्हर्स टाकायच्या आणि दिवसभरात किती, यावर मर्यादा. त्यामुळे पंधरा वर्षांचा पोरगा विकेट्स काढत असतानाच कॅप्टनला त्याला थांबवावं लागतं आणि समोरचा संघ सुटकेचा निःश्वास टाकतो.

शनिवारी दुपारी एकच्या आसपास मॅच सुरू होते. बहुतेक लीगमध्ये चाळीस ते पन्नास ओव्हर्सचा डाव. वरच्या गटांत नेमलेले अंपायर असतात. खालच्या गटांत बॅटिंग करणाऱ्या संघातलेच दोघं पांढरा कोट घालून उभे राहतात. म्हणजे आपल्याच मित्राला एलबीडब्ल्यू द्यायचं किंवा द्यायचं नाही, आणि नंतर त्याच्याच गाडीतून घरी जायचं. असे निर्णय किती निःपक्षपाती असतात हे मी सांगायला नको.

दोन डावांच्या मध्ये चहा. चहा हे फक्त नाव. सँडविच, केक, कीश, स्कोन असा तो फराळ असतो आणि एखाद्या क्लबचं नाव परिसरात होतं ते कित्येकदा त्याच्या बॅटिंगमुळे नव्हे, फराळामुळे. २०२० मध्ये कोविडमुळे हा चहा बंद झाला. नंतर बऱ्याच लीगनी तो परत सक्तीचा केलाच नाही. बावीस जणांचं खाणं दर आठवड्याला करायचं कुणी, हा प्रश्न तोपर्यंत सगळ्यांनी टाळला होता. बहुतेक ठिकाणी ते काम खेळाडूंच्या आया आणि बायका वर्षानुवर्षं करत आल्या होत्या.

उन्हाळ्यात तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे सातला मॅच संपली तरी दिवस बाकी असतो. दोन्ही संघ क्लबच्या बारमध्ये बसतात. ही बैठक खर्चासाठीही महत्त्वाची. वर्गणी, दर मॅचला द्यायची फी, बाउंड्रीवरचे जाहिरातीचे फलक आणि बारचा गल्ला यांवरच गवत कापायचं यंत्र, चेंडू, भाडं आणि विमा भागवायचा असतो.

रविवारच्या काही सामन्यांत अजूनही जुनी पद्धत टिकून आहे, ती आपल्या पिढीला चमत्कारिक वाटेल. ओव्हर्सची मर्यादा नाही. पहिल्या संघानंच ठरवायचं की पुरे झाले रन, आता तुम्ही खेळा. दुसऱ्या संघाला सगळे आऊट करता आलं नाही आणि रनही झाले नाहीत, तर सहा तास उन्हात घालवून मॅच ड्रॉ. यातली मजा कॅप्टनच्या हिशेबात असते. फार उशिरा डाव सोडला तर कुणीच जिंकत नाही, फार लवकर सोडला तर आपणच हरतो.

हे सगळं हौशी असलं तरी हलकं नसतं. १९७२ पासून फक्त गावांसाठी राष्ट्रीय स्पर्धा आहे. त्या पहिल्याच वर्षी लॉर्ड्सवर फायनल खेळून कॉर्नवॉलमधल्या ट्रून गावानं ती जिंकली. आणि उत्तरेकडच्या लँकेशायर लीगमध्ये, जिथं कापडगिरण्यांच्या छोट्या शहरांचे क्लब होते, वीकेंडची मॅच इतकी गंभीर होती की परदेशी कसोटीपटूंना पगार देऊन आणत. १९५२ मध्ये भारतीय बोर्डानं विनू मंकड यांना दौऱ्यातल्या निवडीची हमी दिली नाही, म्हणून त्यांनी हॅस्लिंग्डन क्लबशी करार केला. लीड्सच्या पहिल्या कसोटीत भारताची शून्यावर चार बाद अशी अवस्था झाली, भारत हरला, आणि मग बोर्डाला त्या छोट्या क्लबकडे मंकडना सोडा म्हणून विनंती करावी लागली. क्लबनं सोडलं. लॉर्ड्सवर मंकडनी ७२ आणि १८४ रन केले, पाच विकेट्सही घेतल्या.

आधी मैदान की आधी घर?

आता मूळ पेचाकडे. उत्तर इंग्लंडमधल्या डरहॅम परगण्यात लिंट्झ नावाचं गाव आहे. तिथं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून क्रिकेट खेळलं जायचं. मैदानाशेजारच्या जमिनीवर गुरं चरायची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती जमीन बांधकामाला गेली आणि मैदानाच्या कडेला घरांची रांग उभी राहिली. १९७२ मध्ये एका दाम्पत्यानं त्यातलं एक घर घेतलं. पुढच्या उन्हाळ्यापासून त्यांच्या बागेत चेंडू पडायला लागले.

क्लबनं काहीच केलं नाही असं नव्हे. कुंपण जवळपास पंधरा फुटांपर्यंत वाढवलं. त्याहून उंच नेलं तर वाऱ्यापुढे टिकणार नाही, अशी अडचण होती. बॅट्समनना चेंडू खाली ठेवून मारायला सांगितलं. जे नुकसान होईल ते भरून देऊ, खिडक्यांना संरक्षण बसवून देऊ, असंही सांगितलं. चेंडू येणं कमी झालं, पण थांबलं नाही. मॅचच्या वेळी बागेत बसता येत नाही, घराबाहेर निघून जावं लागतं, असं त्या दाम्पत्याचं म्हणणं होतं. त्यांनी दावा लावला आणि पहिल्या न्यायाधीशांनी मनाई हुकूम दिला. म्हणजे तिथलं क्रिकेट बंद.

क्लब अपिलात गेला आणि १९७७ मध्ये प्रकरण लॉर्ड डेनिंग यांच्यासमोर आलं. इंग्लंडमधल्या विसाव्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या न्यायाधीशांपैकी ते एक. त्यांच्या निकालपत्राची सुरुवात कायद्यानं होतच नाही. उन्हाळ्यात गावचं क्रिकेट सगळ्यांना कसा आनंद देतं, हे मैदान किती छान राखलं आहे, असं वर्णन ते करतात. शेजारी पूर्वी गुरं होती आणि त्यांची काही तक्रार नव्हती, हेही नमूद करायला विसरत नाहीत. कायद्याचे विद्यार्थी हे निकालपत्र आजही वाचतात, आणि मला वाटतं निम्मे जण त्या सुरुवातीसाठीच वाचतात.

पण भावना बाजूला ठेवली तर कायदा क्लबच्या बाजूनं नव्हता. इंग्लंडमध्ये १८७९ पासून एक तत्त्व पक्कं होतं. लंडनमध्ये एक मिठाईवाला वीस वर्षांहून जास्त काळ खलबत्त्यांनी कुटायचं काम करत होता. शेजारच्या डॉक्टरनं नंतर त्याच्या भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली आणि आवाजाची तक्रार केली. कोर्टानं डॉक्टरच्या बाजूनं निकाल दिला. 'तुम्ही जाणूनबुजून उपद्रवाशेजारी राहायला आलात' हा बचाव चालणार नाही, असं ठरलं. मिठाईवाल्याला लागू ते क्रिकेट क्लबलाही लागू.

लिंट्झच्या खटल्यात तीन न्यायाधीशांची मतं तीन दिशांना गेली. दोघांच्या मते क्लबचं वागणं शेजाऱ्यांना उपद्रव देणारं होतं आणि निष्काळजीही. डेनिंग यांना ते मान्य नव्हतं. त्या दोघांपैकी एकानं मात्र डेनिंग यांच्याप्रमाणेच खेळ बंद करायला नकार दिला. शेवटी हिशेब असा लागला, की क्लब चुकला, त्यानं ४०० पौंड भरपाई द्यावी, पण शनिवारची मॅच चालू राहील.

याच्या आधी १९५१ मध्येही असं एक प्रकरण गाजलं होतं. मँचेस्टरमध्ये एका क्लबच्या मैदानाबाहेर, बॅट्समनपासून जवळपास शंभर यार्डांवर, रस्त्यात उभ्या असलेल्या बाईला चेंडू लागला होता. त्या मैदानातून तीस वर्षांत सहा-एक वेळाच चेंडू बाहेर गेला होता, म्हणून धोका फारच कमी, असं म्हणत हाउस ऑफ लॉर्ड्सनं क्लबला दोषी धरलं नाही. लिंट्झमध्ये दर सीझनला चेंडू कुंपण ओलांडत होता. फरक तिथं पडला.

पुढेही हा प्रश्न मिटला नाही. १९८० मध्ये तळ्यावरच्या मोटरबोटींच्या शर्यतींचा खटला आला, तेव्हा अपील कोर्टानं डेनिंग यांचा 'सार्वजनिक हित मोठं' हा मुद्दा उचलून धरला नाही आणि शर्यतींवर बंधनं घातली. २०१४ मध्ये मोटरस्पोर्टच्या ट्रॅकबद्दल निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं 'आधी आलो' हा बचाव नाहीच हे पुन्हा सांगितलं, पण बंदीऐवजी भरपाई देण्याची वाट थोडी रुंद केली.

साउथविकच्या समितीनं सिक्सवर बंदी घातली ती या पार्श्वभूमीवर. 'आम्ही १७९० पासून इथं आहोत' हे वाक्य वर्तमानपत्रात छान दिसतं, कोर्टात त्याचा उपयोग मर्यादित. मोठा क्लब वकील लावेल. गावच्या क्लबला एक खटला म्हणजे काही वर्षांची वर्गणी.

अडचण आताच का वाढली?

१७७१ मध्ये व्हाइट नावाचा एक बॅट्समन हॅम्बल्डनविरुद्ध स्टंप्सच्या रुंदीएवढी बॅट घेऊन उतरला होता. त्यावरून बॅटची रुंदी सव्वाचार इंचांवर बांधली गेली आणि ती आजही तेवढीच आहे. जाडीवर मात्र मर्यादा आली ती थेट २०१७ मध्ये. मधल्या काळात बॅटच्या कडा फुगत गेल्या, आणि नव्या नियमातही कड ४० आणि सगळ्यात जाड भाग ६७ मिलिमीटरपर्यंत चालतो. टी-ट्वेंटी बघून वाढलेली पोरं पहिल्या चेंडूपासून उचलून मारतात. मैदानं तेवढीच राहिली. ज्या हिरवळीवर पूर्वी चेंडू बाउंड्रीपर्यंत जाणंही मुश्कील होतं, तिथं आता चुकीच्या टोकाला लागलेला फटकाही कौलावर जातो.

दुसरीकडे घरांची टंचाई. गावाच्या कडेची मोकळी जमीन बांधकामाला जाते आणि 'मैदानाचं दृश्य' हा घर विकण्याचा मुद्दा होतो. यावर सरकारनं २०१८ च्या नियोजन धोरणात एक तत्त्व आणलं. नव्या बांधकामामुळे जुन्या क्लबला, पबला किंवा प्रार्थनास्थळाला अडचण येणार असेल, तर त्यावर उपाय करायची जबाबदारी नवं बांधकाम करणाऱ्याची. म्हणजे जाळी बिल्डरनं बसवायची. पण हे नव्या घरांना. साउथविकसारख्या ठिकाणी, जिथं घरं कधीचीच उभी आहेत, तिथं जाळीचा खर्च क्लबचा, परवानगीची खटपट क्लबची, आणि 'आमच्या खिडकीसमोर एवढी उंच जाळी नको' ही तक्रार पुन्हा शेजाऱ्यांचीच.

शेजारी वाईट असतात असं नाही. उद्या बाळाला बागेत झोपवलं असताना १६० ग्रॅमचा दगडासारखा चेंडू शेजारी पडला, तर कुणालाही इतिहासात रस राहणार नाही.

दरम्यान अकरा जणांचा प्रश्न सोडवायला एक नवी फळी आली आहे, आणि ती आपल्याकडची आहे. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डानं २०१८ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार तिथं हौशी क्रिकेट खेळणाऱ्यांत जवळपास तीनात एक जण दक्षिण आशियाई वंशाचा आहे. नोकरीसाठी गेलेले आयटीवाले, डॉक्टर, विद्यार्थी. पुण्या-मुंबईहून गेलेल्या अनेकांना गावात पहिली ओळख मिळते ती क्लबमधून. गुरुवारचा कॅप्टनचा फोन त्यांनाही जातो. आणि बाहेर गेला तर आऊट, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

क्लब आपापले तोडगे काढतात. स्क्वेअरवरचं घरांपासून लांबचं पिच वापरायचं. लहान बाउंड्रीच्या बाजूनं सिक्सऐवजी चारच रन द्यायचे. सीझन सुरू होण्याआधी शेजाऱ्यांना चहाला बोलवायचं. शेजाऱ्यांच्याही बाजूनं एक व्यवहारी कारण असतं. इंग्लंडमध्ये घर विकताना शेजाऱ्यांशी झालेले वाद लेखी कळवावे लागतात, त्यामुळे क्लबविरुद्ध लेखी तक्रार करण्याआधी घरमालकही दोनदा विचार करतो. मग शनिवारी कुंपणापलीकडे चेंडू गेला की मॅच थांबते आणि बाउंड्रीवरच्या सगळ्यात लहान पोराला बेल वाजवायला पाठवलं जातं.